स्तंभ, चिती आणि लोलक : काही आकारवाचक विशेषणांचा इतिहास



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला नववीत विज्ञान शिकविले. आठवीपर्यंत आमचे सगळे विषय मराठीतून असत आणि नववीत विज्ञान एकाएकी हिंदीतून सुरू होई. इंदूरच्या मराठी घरांतल्या माझ्या पिढीने हा सांधा ओलांडला आहे, त्यामुळे त्याचे अधिक वर्णन करीत नाही. सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत ‘सरल लोलक’ याचे सचित्र वर्णन विचारले होते. मी मोठ्या उत्साहाने काचेचा त्रिकोणी तुकडा काढला, त्यात शिरणारा पांढरा किरण काढला आणि बाहेर पडणारे सात रंग खडूने रंगविले. त्या प्रश्नाला मला शून्य गुण मिळाले. हिंदीत लोलक म्हणजे घड्याळाचा लंबक, आणि मराठीत लोलक म्हणजे प्रिझम, हे मला कोणी सांगितले नव्हते.

पेपर तपासणारे गृहस्थ दुसरे होते. सरांनी मात्र मला प्रयोगशाळेत बोलाविले आणि कपाटातून एका जुन्या झुंबराचा काचेचा लोंबता तुकडा काढून तो दोऱ्याने खिडकीच्या गजाला बांधला. तुकडा झोके घेऊ लागला आणि समोरच्या भिंतीवर रंगांचा एक पट्टा त्याच्याबरोबर इकडून तिकडे जाऊ लागला. सर म्हणाले, “आता सांग, हा लोलक मराठी की हिंदी?”

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्याचे बीज त्या दुपारचे आहे. ‘लोल’ म्हणजे हलणारे, झुलणारे. झुंबराला टांगलेली काच झुलते म्हणून ती लोलक. हिंदीने त्या काचेचे झुलणे उचलले आणि मराठीने तिचा आकार व रंग उचलले, असा माझा तर्क आहे. शब्द एकच राहिला, परंतु शास्त्रात गेल्यावर त्याचे दोन पदार्थ झाले. मी पुढे भूविज्ञान शिकलो आणि तेच शिकविण्यात आयुष्य गेले. तेव्हा ध्यानात आले की आकार सांगणारी साधी विशेषणे शास्त्रात फार खोल खोड्या करतात. त्यांपैकी एका जोडीचाच इतिहास आज सांगावयाचा आहे. इंग्रजीत ही जोडी ‘कॉलम्नर’ आणि ‘प्रिझ्मॅटिक’ अशी आहे. पहिल्याचा अर्थ खांबासारखे, आणि दुसऱ्याचा अर्थ, तूर्त एवढेच म्हणतो की, प्रिझमसारखे.

आधी शब्दांकडे पाहू. ‘प्रिझम’ हा मूळ ग्रीक शब्द, आणि त्याचा धात्वर्थ करवतीने कापणे असा आहे. प्रिझम म्हणजे कापून काढलेला तुकडा. सुताराने लांब ओंडका घेऊन दोन समांतर काप दिले की मधला जो भाग हाती येतो, तो. युक्लिडने आपल्या अकराव्या पुस्तकात त्याची व्याख्या केली : दोन समोरासमोरची पृष्ठे समान, समरूप व समांतर, आणि बाकीची सारी समांतरभुज चौकोन. ही व्याख्या झाल्यावर करवत विसरली गेली. अरबी गणितज्ञांनी मात्र शब्द घेताना करवतही बरोबर घेतली. त्यांचा ‘मन्शूर’ हाही करवतणे या अर्थाच्या धातूपासूनच झालेला. माझे वडील हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली उर्दू माध्यमाने सुरू झाले आणि वडील तेथे उर्दूतूनच पदार्थविज्ञान शिकले. ते प्रिझमला शेवटपर्यंत मन्शूर म्हणत. मन्शूरचा दुसरा अर्थ जाहीरनामा असा असल्याने घरात त्यावरून विनोदही होत.

आपल्याकडे भूमितीत प्रिझमला ‘चिती’ म्हणतात. त्रिकोणी चिती, इष्टिकाचिती, वृत्तचिती हे शब्द पाठ्यपुस्तकांतून रुळले आहेत. या शब्दाचे मूळ करवतीच्या अगदी उलट आहे. ‘चि’ म्हणजे रचणे, थर घालणे. वैदिक यज्ञात अग्निवेदीचे विटांचे थर रचीत, त्या थराला चिती म्हणत. ती कशी मापावी आणि रचावी हा शुल्बसूत्रांचा विषय. इष्टिकाचितीतील ‘इष्टिका’ म्हणजे तीच वीट. एकाच आकाराचे थर एकावर एक ठेवीत गेलो की चिती तयार होते. त्यामुळे घनफळाचे सूत्रही आपोआप हाती येते : थराचे क्षेत्रफळ गुणिले उंची. ग्रीकाने तोच घन मोठ्या वस्तूतून कापून काढला आणि आपण तो लहान वस्तू रचून उभा केला.

हा भेद संस्कृती-संस्कृतींतला आहे असे कोणी घाईने म्हणू नये, म्हणून लीलावतीची आठवण देतो. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या या ग्रंथात चितिव्यवहार आहे आणि त्याच्या शेजारीच क्रकचव्यवहार आहे. क्रकच म्हणजे करवत. एकात विटांच्या राशीचे गणित आहे आणि दुसऱ्यात लाकूड चिरण्याचे. ब्रह्मगुप्ताने 628 सालीच या दोन्ही व्यवहारांची गणना केली होती. गवंडी आणि सुतार दोघेही आमच्या गणितात शेजारी होते, नाव मात्र गवंड्याचे टिकले. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. तो मी पाहिला तेव्हा या दोन व्यवहारांची आठवण झाली, कारण त्या परिसराचा कातळ आमच्या माळव्याच्या कातळाचाच भाऊ आहे. त्या कातळाकडे आता वळावयाचे आहे.

‘स्तंभ’ या शब्दाविषयी थोडक्यात सांगतो. त्याच्या धातूत टेकू देणे, रोखणे, ताठ होणे हे अर्थ आहेत. स्तंभित होणे त्यातूनच आले, आणि आपले रोजचे ‘थांबणे’ही. म्हणजे स्तंभ या शब्दात भार आहे, वर काहीतरी तोललेले आहे. खांब म्हटला की छप्पर आले आणि छप्पर म्हटले की बांधणारा आला. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

सॅक्सनी प्रांतात श्टोल्पेन नावाचे एक गाव आहे. तेथील किल्ला काळ्या, बहुकोनी, उभ्या दगडी खांबांच्या टेकडीवर उभा आहे. गावाच्या नावाचा त्या भागातील स्लाव्ह भाषेत अर्थच मुळी खांब असा होतो. 1546 साली आग्रिकोला या खनिजशास्त्रज्ञाने तेथील दगडाला ‘बसाल्ट’ हे नाव लावले. हा शब्द प्लिनीच्या जुन्या लॅटिन ग्रंथातला. तोही बहुधा नकलनविसांच्या चुकीतून जन्मलेला. मूळचा शब्द ‘बसानिटीस’, म्हणजे कसोटीच्या दगडासंबंधीचा. सोने पारखण्याच्या दगडाचे नाव चुकीने लिहिले गेले आणि तेच साऱ्या जगाच्या काळ्या कातळाला चिकटले. आमच्या दख्खनच्या पाषाणाला ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्द स्वीडिश. त्याचा अर्थ जिना, कारण या डोंगरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. नावे ठेवणाऱ्यांना दगड दिसे तो बांधकामाच्या रूपातच, असे म्हणावे लागते.

पुढचा टप्पा आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरचा. ‘जायंट्स कॉजवे’ म्हणजे राक्षसाची वाट. सुमारे चाळीस हजार दगडी खांब समुद्रात उतरत गेलेले आहेत. फिन मॅककूल नावाच्या महावीराने स्कॉटलंडकडे जाण्यासाठी ही वाट बांधली अशी लोककथा आहे. 1693 साली या स्थळाची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेली आणि विद्वानांत खराखुरा वाद सुरू झाला : हे माणसांनी छिन्नीने घडविले, राक्षसांनी रचले, की निसर्गाने केले? आज आपल्याला हसू येते. पण शब्द ‘कॉलम’ असेल तर प्रश्न ‘कोणी उभा केला’ असाच निघणार. आमच्या देवास जिल्ह्यातील बागली परिसरात कावडिया पहाड आहे. तेथेही असेच बहुकोनी दगडी खांब ढिगांनी पडले आहेत आणि भीमाने कावडीने दगड वाहून आणले अशी कथा सांगतात. नावातच कावड आहे. आयर्लंडचा मासेमार आणि माळव्याचा शेतकरी यांची एकमेकांशी गाठ पडणे शक्य नव्हते, तरी दोघांनी बलदंड गवंडीच शोधला.

अठराव्या शतकात राक्षस मागे पडला आणि स्फटिक पुढे आला. हे काम दुसऱ्या विशेषणाने केले. खांब बहुकोनी आहेत, कडा सरळ आहेत, म्हणजे ते प्रिझ्मॅटिक. आणि प्रिझ्मॅटिक काय असते? क्वार्ट्झ असते, तुरमुली असते, द्रावणातून वाढलेला स्फटिक असतो. तेव्हा हे खांब म्हणजे प्राचीन समुद्राच्या पाण्यातून साका बसून वाढलेले प्रचंड स्फटिक होत, असे अनेकांना सहज पटले. बसाल्ट जलजन्य आहे या मताचा सर्वांत प्रभावी पुरस्कर्ता फ्रायबर्गच्या खाणविद्यालयातला आब्राहाम वेर्नर. हा माणूस सामान्य नव्हता. 1774 साली त्याने खनिजांच्या बाह्य लक्षणांवर ग्रंथ लिहिला आणि रंग, चकाकी, आकार यांच्यासाठी नेमकी, ठरीव विशेषणे घालून दिली. खनिजाचे वर्णन दोघांनी केले तर ते सारखे यावे, ही त्याची तळमळ. आज आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी जो वर्णनाचा तक्ता भरतो त्याचे मूळ तेथे आहे. विशेषणांचा एवढा मोठा शिस्तकार, आणि बसाल्टच्या उत्पत्तीत सपशेल चुकला! मला यात वेर्नरची नाचक्की दिसत नाही. वर्णनाची शिस्त ही एक गोष्ट आणि कारणाचा शोध ही दुसरी, एवढेच दिसते.

खरा मार्ग त्याआधीच सापडला होता. निकोला देमारे हा फ्रेंच सरकारी अधिकारी 1763 साली ओव्हेर्न्य प्रांतात हिंडत असताना त्याला असेच खांब दिसले. तो त्यांच्या मागोमाग चालत गेला. खांब एका लाव्हाच्या प्रवाहात मिसळत होते आणि प्रवाह विझलेल्या ज्वालामुखीकडे जात होता. खांबाचे मूळ अग्नीत होते. त्याने त्या भागाचा नकाशा केला आणि 1774 साली त्याचे सविस्तर विवेचन छापले गेले. वादात ओढू पाहणाऱ्यांना तो ‘जा आणि पाहा’ एवढेच सांगे अशी त्याची ख्याती आहे. तरीही वाद पुढे काही दशके चालला.

अग्नीपासून झाले हे मान्य केले, तरी कोन कोठून आले हा प्रश्न राहतोच. जेम्स वॅटचा मुलगा ग्रेगरी वॅट याने कित्येक मण बसाल्ट भट्टीत वितळवून हळूहळू निवविला आणि 1804 साली निष्कर्ष मांडले. त्याला निवताना गोलक वाढलेले दिसले; असे गोलक एकमेकांवर दाबले जाऊन षट्कोनी खांब होत असावेत असे त्याला वाटले. कल्पना सुंदर होती, पण बरोबर नव्हती. 1875 साली रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने निबंध लिहून आकुंचनाने पडणाऱ्या तड्यांचा सिद्धान्त पद्धतशीर मांडला. त्या निबंधाच्या शीर्षकात बसाल्टच्या रचनेला ‘प्रिझ्मॅटिक’ म्हटले आहे आणि लगेच कंसात ‘किंवा कॉलम्नर’ असे जोडले आहे. मला तो कंस फार बोलका वाटतो. दोन शतके ज्या दोन शब्दांनी दोन वेगळ्या चुका करविल्या, ते येथे ‘किंवा’ने जोडले जाऊन निरुपद्रवी झाले. कारण कळल्यामुळे नाव कोणते हा प्रश्न गौण झाला.

ते कारण माळव्याच्या मुलाला समजाविणे सोपे आहे. वैशाखात काळ्या रानात जाऊन उभे राहावे. ओल गेली की माती आकसते, पण आकसायला जागा नसते, म्हणून फाटते. भेगांचे जाळे पडून जमिनीवर बहुकोनी फरश्या दिसू लागतात. लाव्हाचेही तसेच. तो पृष्ठाकडून आत निवत जातो, निवताना आकसतो, ताण असह्य झाला की तडकतो. तडे निवणाऱ्या पृष्ठाशी काटकोनात, टप्प्याटप्प्याने आत सरकतात आणि मागे बहुकोनी खांब राहतात. तीन तडे एका बिंदूत 120 अंशांनी मिळाले तर ताण सर्वांत नीट मोकळा होतो, म्हणून षट्कोनाकडे कल. परंतु कल म्हणजे नियम नव्हे. पाच आणि सात बाजूंचे खांबही पुष्कळ सापडतात, आणि हाच त्यांना स्फटिक न मानण्याचा साधा पुरावा आहे, कारण स्फटिकाचे कोन त्याच्या घडणीने बांधलेले असतात. 2018 साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजले की बसाल्ट सुमारे 840 ते 890 अंश सेल्सिअसला, म्हणजे घट्ट झाल्यानंतर थोड्याच वेळात, तडकतो. घरच्या घरी पाहावयाचे असेल तर मक्याचे पीठ पाण्यात कालवून काचेच्या भांड्यात दिव्याखाली वाळवावे. गेरहार्ट म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1998 साली असेच वाळविलेले स्टार्च अभ्यासिले. वाळलेली वडी फोडली की आत बारीक बारीक खांब दिसतात. वाळणे आणि निवणे यांचे गणित जवळचे आहे.

अशा रीतीने करवत नाही, वीट नाही आणि टेकूही नाही. ग्रीक शब्दातला सुतार, संस्कृत शब्दातला गवंडी आणि स्तंभ शब्दातला छप्पर पेलणारा, तिघांनाही येथे काम नव्हते. काम तड्याचे होते. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे साठ मीटर उंच काळे खांब आणि माथ्यावर गावदेवीचे मंदिर. त्याच्या पायथ्याशी उभे राहिले की मात्र हे सगळे ज्ञान क्षणभर विसरते आणि ‘कोणी उभे केले’ हाच प्रश्न मनात येतो. चाळीस वर्षे हा विषय शिकवूनही येतो.

आता दुसऱ्या शास्त्रांकडे थोडे वळू, कारण तेथे हीच विशेषणे वेगळ्या रीतीने वागतात. आतड्याच्या आतल्या अस्तरातील उंच पेशींना आपल्या पाठ्यपुस्तकात ‘स्तंभीय अभिस्तर’ म्हणतात, इंग्रजीत कॉलम्नर. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ हेन्ले याने त्याच अस्तराला वृत्तचितीवरून नाव दिले. फ्रेंच पुस्तकांत तेच प्रिझ्मॅटिक असते. उभा छेद घेऊन पाहणाऱ्याला त्या पेशी खांब दिसतात आणि वरून पाहणाऱ्याला बहुकोनी फरशी. कोणाचीच चूक नाही. पाहण्याची दिशा विशेषणात उतरली आहे, इतकेच. हिमस्फटिकांच्या अभ्यासात वेगळीच गंमत आहे. तेथे चपटी षट्कोनी चकती आणि लांब षट्कोनी दांडी, दोन्ही शास्त्रतः प्रिझमच. उंच झाला की त्याला कॉलम म्हणावयाचे. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी 1936 साली प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढविले आणि तापमानाप्रमाणे कधी चकती, कधी दांडी होते हे दाखविले. म्हणजे एक विशेषण बाजूंविषयी बोलते आणि दुसरे उंचीविषयी.

मृदाशास्त्राने मात्र या दोघांत चक्क सीमारेषा आखली, आणि ती मला सर्वांत आवडते. मातीचे ढेकूळ उभे आणि बहुकोनी असून त्याचा माथा सपाट असेल तर ती रचना प्रिझ्मॅटिक, आणि माथा गोलसर, टोपीसारखा असेल तर कॉलम्नर. हा भेद केवळ दिसण्याचा नाही. गोल माथा बहुधा सोडियमचे प्रमाण वाढलेल्या जमिनीत दिसतो. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि पाण्याबरोबर वाहतात, त्याने ढेकळाच्या माथ्याच्या कडा झिजतात. महाराष्ट्रातला शेतकरी अशा सोडियमयुक्त जमिनीला चोपण म्हणतो. तिच्यात पाणी मुरत नाही, मुळे शिरत नाहीत. खड्डा खणून बाजूने पाहताना ढेकळाचे डोके सपाट की गोल, एवढ्यावरून त्या जमिनीची चिकित्सा करावी काय, जिप्सम घालावे काय, याचा विचार सुरू होऊ शकतो. येथे विशेषण चुकले तर शेतकऱ्याचा पैसा जातो.

उरला प्रकाश. न्यूटनने 1666 साली त्रिकोणी काच मिळवून केलेल्या प्रयोगांचे वर्णन 1672 साली प्रसिद्ध केले. त्यानंतर युरोपात प्रिझम म्हटले की रंग हे समीकरण रूढ झाले आणि प्रिझ्मॅटिक या विशेषणाला ‘सप्तरंगी’ असा नवाच अर्थ चिकटला. आपण ती काच झुंबरातून ओळखली आणि लोलक म्हटले. त्यामुळे मराठीत एक सोय झाली : इंग्रजीत ज्या एका शब्दाने घन आकृती आणि रंग पाडणारी काच या दोन्हींचे काम करावे लागते, तेथे आपल्याकडे चिती आणि लोलक असे दोन शब्द आहेत. हिंदीने ‘समपार्श्व’ असा तिसरा, बाजू सारख्या असण्यावरून घेतलेला शब्द केला. ही सोय आपण वापरीत मात्र नाही. माझ्या हाती आलेल्या मराठी लेखांतून बसाल्टच्या खांबांना ‘लोलकाकार’ म्हटलेले मी वाचले आहे. ते वाचून कोणाही मुलाला झुंबर आठवेल.

सरांनी प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटविला होता. त्यावर तीन रकाने होते : मराठी, हिंदी, इंग्रजी. माझ्या त्या शून्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात तो लागला, असे मला अभिमानाने आणि थोड्या संकोचाने सांगावेसे वाटते. पहिली ओळ लोलकाची होती. मधल्या काळात शाळेतले मराठी माध्यमाचे विज्ञानवर्ग बंद झाले, कपाट हलले, पण दार तेच आहे. काल मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीने मी ते उघडून पाहिले. शाई फिकट झाली आहे. ‘कॉलम्नर’समोर मराठीत ‘स्तंभाकार’ आहे, सरांच्या ठसठशीत अक्षरात. ‘प्रिझ्मॅटिक’समोरचा मराठी रकाना रिकामा आहे. त्यांनी तो विसरून सोडला असेल असे मला वाटत नाही. शब्दकोशात सापडलेला शब्द पटला नाही तर ते लिहीत नसत.

माझ्यासोबत नववीतल्या दोन मुली होत्या. कावडिया पहाडाच्या सहलीत त्यांनी बावीस खांबांच्या बाजू मोजून वहीत लिहिल्या होत्या, त्यांत पाच बाजूंचे सात निघाले, आणि आपले मोजणे चुकले असे त्यांना वाटत होते. चुकले नाही, असे त्यांना सांगितले. मग त्या रिकाम्या रकान्यात, आकारासाठी ‘चितीय’ आणि प्रकाशासाठी ‘लोलकीय’, असे दोन शब्द मी लिहिले. पेन्सिलीने लिहिले आहेत. कोणाला त्याहून बरा शब्द सुचला तर खोडरबर कपाटातच ठेवले आहे.